लाकडी कुंपणाच्या आडव्या पट्ट्या : खांबांच्या मध्ये बसवाव्यात की खांबांच्या तोंडावर?

अंगणवेल

घराच्या मागच्या अंगणाला आडोसा हवा म्हणून लाकडी कुंपण उभारण्याचे काम मी स्वतः हाती घेतले आहे. कुंपणाची उंची ६ फूट ठेवायची असून फळ्या एकमेकींना चिकटून उभ्या लावायच्या आहेत, म्हणजे आरपार दिसणार नाही. बारा खांब उभे करून झाले आहेत आणि त्यांच्या बुडाशी काँक्रीट ओतून आज चार दिवस झाले. खांबांचे लाकूड बाजारात ४ इंची म्हणून मिळते, पण रंधा मारलेले असल्यामुळे प्रत्यक्षात साडेतीन इंच भरते. आडव्या पट्ट्यांसाठी आणलेले लाकूड ४ बाय २ चे आहे, तेही मोजून पाहिले तर साडेतीन बाय दीड इंच निघते. फळ्या सहा इंची आणि पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाडीच्या आहेत.

आता अडले आहे ते या आडव्या पट्ट्यांपाशी. एका परिचितांच्या मते दोन खांबांच्या मध्ये पट्टी बेतून कापावी आणि लोखंडी ब्रॅकेटमध्ये बसवावी. दुसरे म्हणतात की खांबांच्या तोंडावरच, म्हणजे समोरच्या बाजूवर, सलग पट्टी ठोकून द्यावी, म्हणजे मोजमापाची कटकट राहत नाही. तिसऱ्यांनी खांबाला खाच पाडून पट्टी त्यात बसवण्याचा सल्ला दिला आहे. पट्टी आडवी निजवावी की कडेवर उभी धरावी, याबद्दलही एकमत नाही. खांबांमधील अंतर बहुतेक ठिकाणी ८ फूट आहे, परंतु एके ठिकाणी मध्ये दगड लागल्यामुळे ते ८ फूट ३ इंच झाले आहे. एका बाजूची जमीन ४० फुटांत सुमारे एक फूट उतरते. ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ओळंबा

पट्ट्यांकडे वळण्यापूर्वी काँक्रीटबद्दल सांगतो. चार दिवसांत ते कठीण वाटते, पण पट्ट्या ठोकताना खांबाला जे हादरे बसतात ते सोसण्यासाठी आणखी दोन-तीन दिवस थांबणे बरे. तोवर प्रत्येक खांबाला दोन लगतच्या बाजूंनी ओळंबा लावून पाहावा. खांब कलला असेल तर तो आताच कळावा, कारण पट्ट्या बसल्यावर तो कल साऱ्या रांगेत दिसू लागतो.

६ फुटी कुंपणाला तीन पट्ट्या हव्यात. चार फुटांपर्यंत दोन पुरतात, पण सहा फुटांच्या फळीला फक्त वर आणि खाली पकडले तर ती वाळताना मध्यावर पीळ खाते आणि दोन फळ्यांमध्ये फट पडते. आडोसा हवा म्हणून कुंपण घालायचे आणि नेमकी मध्येच फट पडायची, अशी गत होते. फळीचे बूड जमिनीपासून दोन इंच वर ठेवावे. खालची पट्टी फळीच्या बुडापासून सहा-सात इंचांवर आणि वरची पट्टी फळीच्या टोकापासून तितकीच खाली घ्यावी. मधली पट्टी या दोघींच्या बरोबर मध्यावर येते. कोणी ती चार बोटे वर सरकवतात, त्याने फारसे बिघडत नाही.

या तिन्ही उंच्या प्रत्येक खांबावर टेपने मोजत बसू नका. एक सरळ काठी घ्या, तिच्यावर तिन्ही पट्ट्यांच्या खालच्या कडांच्या खुणा पेन्सिलने करा आणि तीच काठी खांबागणिक फिरवा. बारा खांब गुणिले तीन म्हणजे छत्तीस मोजमापे होतात आणि छत्तीसांत दोन-तीन तरी चुकतातच. काठीत चूक झालीच तर ती सगळीकडे सारखी होते आणि म्हणून दिसत नाही.

माझे मत खांबांच्या तोंडावर पट्ट्या लावण्याच्या बाजूने आहे. पहिल्यांदाच काम करणाऱ्यासाठी ही पद्धत सर्वांत क्षमाशील आहे.

दोन_सूत

तोंडावर लावण्याला माझाही पाठिंबा आहे, मात्र त्याचे कारण सोयीपुरते नाही. निजवलेली पट्टी आणि कडेवर उभी धरलेली पट्टी यांतला फरक आकड्यांत पाहावा, म्हणजे वाद उरत नाही.

तुळईचा ताठपणा तिच्या रुंदीच्या सम प्रमाणात आणि खोलीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. साडेतीन बाय दीड इंचाची पट्टी निजवली तर तिची खोली दीड इंच होते आणि उभी धरली तर साडेतीन इंच. लाकूड तेवढेच, वजन तेवढेच, पण वरून येणाऱ्या भाराविरुद्ध उभी पट्टी निजवलेल्या पट्टीच्या सुमारे साडेपाच पट ताठ असते. आता आपल्या फळ्यांचा हिशेब करू. ८ फूट बाय ६ फुटांच्या एका गाळ्यात (दोन खांबांमधल्या भागात) पाच सुती फळ्या लावल्या तर वाळलेल्या पाइनचे वजन सुमारे ३५ किलो भरते, आणि नुकत्याच औषधपाणी केलेल्या ओल्या लाकडाचे याहून बरेच जास्त. हे वजन आणि पट्ट्यांचे स्वतःचे वजन तीन पट्ट्यांत वाटले, तर दोन खांबांच्या मध्ये टेकलेली निजवलेली पट्टी मध्यावर ८ ते ९ मिलिमीटर झुकते. उभी पट्टी दीड-दोन मिलिमीटरच झुकते. शिवाय हा झोल पहिल्या दिवसाचा आहे. सतत भाराखाली लाकूड वर्षानुवर्षे हळूहळू वाकतच राहते आणि ओले असताना लावलेले लाकूड अधिक वाकते, त्यामुळे काही वर्षांत तो दुप्पट झाला तरी नवल नाही.

तोंडावर पट्टी लावायची म्हणजे तिची रुंद बाजू खांबाला टेकते, अर्थात ती आपोआप कडेवर उभी राहते. दुसरा फायदा फळ्या ठोकताना कळतो. फळीमागे साडेतीन इंच उंचीचे लाकूड मिळते, म्हणून दोन स्क्रू एकाखाली एक सुखाने बसतात. निजवलेल्या पट्टीची दीड इंचाची कड फळीमागे शोधताना निम्मे स्क्रू हवेत जातात, हे मी स्वतः अनुभवले आहे.

जुना_रंधा

वरील हिशेब बरोबर आहे, तरीही दुसरी बाजू मांडतो. आडोशाचे कुंपण म्हणजे एक शीडच असते आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा आडवा ढकलतो, आणि आडव्या दिशेने पाहिले तर निजवलेली पट्टीच साडेपाच पट ताठ ठरते. म्हणून पूर्वीचे कारागीर पट्टी निजवत असत, ते अडाणीपणाने नव्हे.

दोन_सूत

जुना_रंधा यांचा मुद्दा मान्य आहे. मात्र वादळ कधीतरी येते आणि फळ्यांचे वजन चोवीस तास असते. शिवाय जोरदार वाऱ्यात पट्टी मध्ये वाकून कुंपण पडल्याचे मी तरी पाहिलेले नाही. पडते ते खांब जमिनीलगत मोडल्यामुळे किंवा पट्टी खांबापासून उचकटल्यामुळे. ज्यांच्याकडे वारा फार आहे त्यांनी पट्टी निजवण्यापेक्षा खांबच सहा-सहा फुटांवर घ्यावेत. पट्टीच्या प्रत्येक फुटावरचा भार तोच राहिला तर झोल अंतराच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणजे आठऐवजी सहा फूट अंतर ठेवल्यास तो एक तृतीयांशाहून कमी होतो.

जुना_रंधा

उचकटण्याचा विषय काढलात म्हणून एक अनुभव लिहितो. काही वर्षांपूर्वी मी कुंपणाचे काम मजुरीवर करून घेतले होते. पट्ट्या खांबांच्या मध्ये होत्या आणि ब्रॅकेट न वापरता टोकाकडून तिरके स्क्रू मारले होते. काम दिसायला सुबक होते. दुसऱ्या वर्षी एका रात्री वारा सुटला आणि सकाळी तीन गाळे गवतावर पालथे पडलेले दिसले. स्क्रू पाहिले तर ते जिप्सम बोर्ड लावायचे काळे स्क्रू निघाले, डोकी तुटलेली आणि आतून गंजलेली. ते स्क्रू कडक पोलादाचे असतात, वाकण्याऐवजी तुटतात, आणि बाहेरच्या हवेसाठी त्यांच्यावर कसलाही मुलामा नसतो. दोष लाकडाचा नव्हता.

तिरका स्क्रू मारणे सर्वस्वी वर्ज्य आहे असे नाही, पण त्याची रीत आहे. स्क्रूच्या लांबीच्या एक तृतीयांशाइतके अंतर पट्टीच्या टोकापासून सोडून, सुमारे ३० अंशांच्या कोनात तो शिरला पाहिजे. टोकाच्या फार जवळ मारला तर लाकूड चिरते, आणि फार उभा मारला तर खांबात जेमतेम अर्धा इंच शिरतो.

पावसाळी

मंडळींनी झोलावर पुष्कळ लिहिले आहे, पण कुंपण मुख्यतः पाण्याने मरते. वाकलेली पट्टी निदान जागेवर असते. कुजलेली पट्टी फळ्यांसकट खाली येते.

निजवलेल्या पट्टीच्या पाठीवर फळीलगत पाणी, पालापाचोळा आणि माती साठते. कडेवर उभ्या पट्टीची वरची कड दीडच इंचाची असल्यामुळे तेथे पाणी कमी थांबते, आणि त्या कडेला रंध्याने किंचित उतार दिला तर जवळजवळ थांबतच नाही. उतार फळीच्या विरुद्ध बाजूस असावा, नाहीतर पाणी नेमके फळी आणि पट्टी यांच्या सांध्यात जाईल.

लाकडाचे कापलेले टोक पाणी पितेच, कारण तंतूंची तोंडे तेथे उघडी असतात. औषधपाणी केलेल्या लाकडाचा औषधी थर बऱ्याचदा गाभ्यापर्यंत पोचलेला नसतो, म्हणून करवत चालवल्यावर आतला फिका भाग उघडा पडतो. पट्टी जागेवर लावण्याआधी अशा प्रत्येक टोकाला कॉपर नॅफ्थेनेटसारखे औषध ब्रशने भरपूर लावावे आणि ते शोषले जाईपर्यंत थांबावे. पट्टी बसवून झाल्यावर त्या टोकापर्यंत ब्रश पोचत नाही. उरलेले तुकडे जाळू नयेत, त्यांचा धूर आणि राख दोन्ही विषारी असतात.

आणखी एक गोष्ट खिळे-स्क्रूंबद्दल. हल्लीच्या बहुतेक औषधांत तांबे असते आणि ओलाव्यात तांब्याचा संपर्क आला की साध्या पोलादाला लवकर गंज चढतो. जस्ताचा पातळ चकचकीत मुलामा त्यापुढे टिकत नाही. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले, खरखरीत आणि मळकट राखाडी दिसणारे खिळे किंवा स्क्रू घ्यावेत, अन्यथा स्टेनलेस घ्यावेत. समुद्राजवळ ३१६ दर्जाचे स्टेनलेस योग्य. ब्रॅकेट आणि स्क्रू एकाच जातीचे असावेत. जस्ताच्या ब्रॅकेटमध्ये स्टेनलेसचे स्क्रू घातले तर ब्रॅकेटचे जस्त आधी झिजते.

अंगणवेल

सर्वांचे आभार. पट्ट्या खांबांच्या तोंडावर, कडेवर उभ्या, असे ठरवले आहे. तरी तीन शंका उरतात. खाच पाडून पट्टी खांबाच्या सपाटीत आणली तर अधिक मजबूत होणार नाही का? दोन पट्ट्यांचा सांधा कोठे आणि कसा यावा? आणि ८ फूट ३ इंचांच्या गाळ्याचे काय करावे, कारण माझ्याकडच्या बहुतेक पट्ट्या ८ फुटी आहेत, थोड्याच १६ फुटी आहेत.

ओळंबा

खाचेबद्दल आधी. जाड खांबात खाच उत्तम असते, पट्टीचे वजन लाकडावरच टेकते आणि स्क्रूवर ताण येत नाही. पण तुमचा खांब साडेतीन इंचांचा आहे. त्यातून दीड इंच कोरून काढले की दोनच इंच उरतात, आणि वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गाने घटत असल्यामुळे त्या जागी ती मूळच्या एक तृतीयांशाहून थोडी कमीच राहते. सर्वांत खालची खाच जमिनीपासून वीतभर उंचीवर येते, आणि वारा खांबाला जास्तीत जास्त वाकवतो तोही जमिनीलगतच. म्हणजे नेमक्या दुखऱ्या जागी आपण खांब बारीक करतो. सहा इंची खांब असते तर मीच तुम्हाला पटाशी घ्यायला सांगितले असते.

आता सांधा. तो नेहमी खांबावरच यावा, दोन खांबांच्या मध्ये कधीही नको. साडेतीन इंचांच्या खांबावर दोन पट्ट्या समोरासमोर आल्या तर प्रत्येकीला पावणेदोन इंचच टेकू मिळतो आणि स्क्रू टोकापासून इंचभरावर येतो. तेथे आधी भोक न पाडता स्क्रू मारला तर पट्टी चिरणार, हे धरून चाला. पट्टीतले भोक स्क्रूच्या आट्यांइतके मोठे असावे, म्हणजे आटे पट्टीत न अडकता सरळ खांबात धरतील आणि पट्टी खांबाला घट्ट ओढली जाईल. आटे दोन्ही लाकडांत अडकले तर मध्ये सुतभर फट राहते आणि कितीही पिळले तरी ती मिटत नाही. खांबातले भोक मात्र बारीक, साधारण ३ मिलिमीटरचे. स्क्रू साडेतीन इंची घ्या, म्हणजे दीड इंच पट्टीत आणि दोन इंच खांबात जाईल. प्रत्येक टोकाला दोन, तेही एकाच उभ्या किंवा आडव्या रेषेत नकोत, थोडे तिरके. एकाच तंतूवर दोन भोके आली की तो तंतू फाटतो.

१६ फुटी पट्ट्या सर्वांत वरच्या रांगेसाठी राखून ठेवा, कारण डोळा तेथेच जातो. सलग पट्टी तीन खांबांवर टेकते, मधल्या खांबावर ती अखंड राहते, आणि त्यामुळे तिचा झोल तितक्याच अंतरावरच्या तुटक पट्टीच्या निम्म्याहूनही कमी असतो. शक्य असेल तर तिन्ही रांगांचे सांधे एकाच खांबावर आणू नका. वरची पट्टी एका खांबावर जोडली तर मधली त्याच्या पुढच्या खांबावर जोडावी. त्यासाठी एका रांगेची सुरुवात १६ फुटीने आणि दुसरीची ८ फुटीने केली की पुढे ते आपोआप जमते.

८ फूट ३ इंचांच्या गाळ्यावरून तिन्ही रांगांत १६ फुटी पट्टी न्यावी. मात्र लगतच्या गाळ्यापर्यंत ती पुरत नाही, म्हणून ती त्या एका गाळ्यापुरतीच कापावी लागेल आणि उरलेला तुकडा दुसरीकडे कोपऱ्यात कामी येईल. आठ फुटी पट्टीला तुकडा जोडून लांबवण्याचा मोह टाळा.

दोन_सूत

ओळंबा यांच्या उत्तरात दोन गोष्टींची भर घालतो. पट्टी उचलली की तिच्या एका टोकाशी डोळा नेऊन दुसऱ्या टोकाकडे पाहावे. प्रत्येक पट्टीला थोडा तरी बाक असतो. बाकाची पाठ वर येईल अशी ती लावावी, म्हणजे फळ्यांच्या वजनाने ती सरळ होत जाते. उलटी लावली तर बाक आणि झोल यांची बेरीज होते. ज्या पट्टीला पीळ आहे ती बाजूला ठेवून तुकड्यांसाठी वापरावी.

दुसरे असे, की तोंडावर पट्टी आणि तिच्यावर फळी लावल्यावर कुंपण खांबाच्या तोंडापासून दोन इंच एक सूत बाहेर येते. खांब हद्दीला अगदी खेटून रोवले असतील आणि फळ्या बाहेरच्या बाजूस असतील, तर हा हिशेब पट्ट्या मारण्याआधीच करावा.

कोपऱ्यावरचा

उताराबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. उतारावर दोन रीती असतात. एकीत प्रत्येक गाळा पाणसळीत ठेवून पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात, दुसरीत पट्ट्या जमिनीला समांतर तिरक्या जातात आणि फळ्या मात्र ओळंब्यात उभ्या राहतात. ४० फुटांत एक फूट म्हणजे ८ फुटांच्या गाळ्याला जेमतेम अडीच इंच उतार, एवढ्यासाठी पायऱ्या करू नयेत. पट्ट्या जमिनीबरोबर तिरक्या जाऊ द्याव्यात. पट्टीची लांबी वाढते, पण ती सुताच्याही आत, तेव्हा ती विसरली तरी चालेल. चढ मोठा असेल तर तसे चालत नाही. आठ फुटांत एक फूट चढ असेल तर तिरकी पट्टी सहा सूत जास्त लांब लागते, आणि मोजताना जमिनीवरचे आडवे अंतर घेतले की ती तोकडी पडते. तिरक्या पट्टीचे टोक गुण्याने काटकोनात न कापता खांबाच्या रेषेत कापावे.

कोपऱ्याच्या खांबावर दोन दिशांच्या पट्ट्या येतात. एका बाजूची पट्टी खांबाच्या कडेपुढे दीड इंच काढावी आणि दुसऱ्या बाजूची तिच्या पाठीला भिडवावी, म्हणजे कोपरा बाहेरून बंद होतो. हे आधी लक्षात न आल्यामुळे मला कोपऱ्यात उभी ठिगळपट्टी मारावी लागली आणि ती आजही खटकते.

अंगणवेल

तीन आठवड्यांनंतर लिहीत आहे. पट्ट्या आणि फळ्या दोन्ही पूर्ण झाल्या. झालेली एक चूक सविस्तर नोंदवते.

ओळंबा यांनी सांगितलेली काठी केली, तिच्यावर खुणाही नीट केल्या, आणि ती प्रत्येक खांबाच्या बुडाशी जमिनीवर टेकवून खुणा वर नेल्या. सपाट बाजूच्या चार गाळ्यांत खालची रांग पूर्ण झाल्यावर मागे सरून पाहिले, तर पट्टी लाटेसारखी वरखाली जात होती. कोठे खांबाभोवती मातीचा उंचवटा होता, कोठे काँक्रीटचा काठ वर आला होता, आणि काठीने ते सारे इमानाने पट्टीवर उतरवले होते. काठीचा दोष नव्हता, ती टेकवायची कशावर हे मी विचारलेच नव्हते. मग पहिल्या आणि शेवटच्या खांबावर लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) खुणा घेतल्या, त्यांच्यामध्ये दोरी ताणली, दोरी जेथे जेथे खांबाला लागली तेथे खूण केली आणि तेथून काठी वर धरली. चार पट्ट्या उतरवून पुन्हा लावल्या. जुनी भोके नव्या जागेपासून अर्ध्या इंचावर असल्यामुळे स्क्रू त्यांत घसरत होता. शेवटी त्या भोकांत लाकडाची पाचर गोंद लावून ठोकली आणि दुसऱ्या दिवशी नवी भोके पाडली.

एकटीने ८ फुटी पट्टी धरून स्क्रू मारणे जमेना, तेव्हा खुणेखाली खांबाला एक तुकडा क्लॅम्पने आवळून त्यावर पट्टीचे एक टोक टेकवले. त्यानंतर मदतीची गरज उरली नाही. एका पट्टीला आडवा बाक होता. तिचे एक टोक पक्के करून दुसरे टोक क्लॅम्पने खांबाला ओढले, तेव्हा ती निमूटपणे आली.

आता प्रश्न एकच. ८ फूट ३ इंचांच्या गाळ्यात खालच्या पट्टीच्या मध्यावर आधार म्हणून जमिनीवर विटेचा तुकडा ठेवावा, असे शेजाऱ्यांनी सुचवले आहे. ठेवावा का?

पावसाळी

ठेवू नये. जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात बसते, त्यामुळे वीट कधी पट्टीला वर उचलेल आणि कधी तिला सोडून खाली जाईल. त्याहून वाईट म्हणजे वीट जमिनीतला ओलावा ओढून नेमका पट्टीच्या बुडाला देते.

दोन_सूत

पावसाळी यांच्याशी सहमत आहे. त्या गाळ्यात तीन इंच अंतर वाढल्याने झोल दीडपट होत नाही, सुमारे एक-अष्टमांशाने वाढतो. तरीही मनाला लागत असेल तर खालच्या पट्टीला मागच्या बाजूने दुसरी पट्टी चिकटवून स्क्रूने जोडा. मागची पट्टी दोन खांबांच्या मध्ये बसेल, म्हणून ती नेमक्या मापाची कापावी लागेल आणि तिच्या दोन्ही टोकांना ब्रॅकेट लागतील. दोन्ही पट्ट्यांमधल्या फटीत वरून पाणी शिरू नये म्हणून वरच्या कडेवर जस्ती पत्र्याची अरुंद पट्टी मारा.

ओळंबा

लाटेची हकीकत वाचून माझीच चूक उमगली, दोरीचा उल्लेख मी केला नव्हता. दोरीबद्दल एवढे लक्षात असू द्यावे, की ती खांबाला टेकू न देता सुतभर अंतरावर ताणावी. एखादा खांब जरासा पुढे आला असेल तर दोरी त्याला अडून वाकते आणि आपण वाकड्या दोरीवरून सरळ रेषा काढत बसतो.

फळ्या ओल्या असताना लावल्या असतील तर सहा इंची फळी वाळल्यावर एक-दोन सूत आक्रसते. त्या वेळी फटी दिसू लागतील, पण स्क्रू पिळून त्या मिटत नाहीत, फळी मात्र चिरते. पट्ट्यांचे स्क्रू वेगळे. खांब आणि पट्टी दोन्ही वाळल्यावर ते सैल पडतात, म्हणून पहिला कोरडा मोसम संपता संपता प्रत्येक स्क्रूला हाताच्या पेचकसाने पाव वळसा देऊन पाहा. मशीन वापरू नका, कोणता स्क्रू सैल आहे आणि कोणता भोकात नुसताच फिरतो आहे, हे हातालाच कळते.

अंगणवेल

वीट ठेवली नाही. मागची पट्टी उद्या लावते, ब्रॅकेट आणि स्क्रू दोन्ही गरम जस्तात बुडवलेलेच आणले आहेत. पेचकस फळ्यांच्या मागच्या बाजूने चालवायला जागा आहे का, हे आज पाहिले. कोपऱ्यातला एक स्क्रू सोडून सगळ्यांपर्यंत हात पोचतो.